आत्याच्या जागी कोण बोललं?

१

साताऱ्यात, राजवाड्याजवळच्या एका वाचनालयाच्या सभागृहात, भर सकाळी सगळ्यांसमोर माझ्या आत्याचा आवाज चोरीला गेला.

आत्या जागेवर होती. पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, तोंडाला रुमाल लावून बसली होती. फक्त आवाज नव्हता.

तिच्या बोलक्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा समारंभ संध्याकाळी होता. सकाळी आम्ही नुसती यंत्रं लावून बघत होतो. पण माण तालुक्यातनं आमच्या गावची जीप सकाळीच येऊन धडकली, कारण एवढा मोठा समारंभ संध्याकाळपर्यंत थांबेल यावर गावात कुणाचा विश्वास बसला नाही. मागच्या रांगांत गावकरी शेंगा फोडत बसले होते.

साल १९९८. सांगलीत हळदीच्या गोदामावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती, 'बोलकं पान'. खालून इतकी हळद उडायची की आमचे कॉम्प्युटर कायम बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे दिसत. आम्ही कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारी पुस्तकं करत होतो. पडद्यावर गोष्ट दिसायची, आवाज ती सांगायचा, आणि जो शब्द बोलला जाईल तो पडद्यावर पिवळा व्हायचा. रंग निवडायला कुणाला फार विचार करावा लागला नव्हता.

शब्द पिवळे करण्याचं काम माझं. कानाला हेडफोन लावायचे, शब्द कुठं सुरू होतो, कुठं संपतो ते ऐकायचं आणि तिथं तिथं खूण घालायची. खूण जरा मागंपुढं झाली की आवाज म्हणतो 'बैल' आणि पिवळी होते 'सासू'. हे एकदा झालं होतं. पण त्या वाक्याचा अर्थ फारसा बदलला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

गोष्टी आत्याच्या, आवाजही आत्याचा. आक्काताई म्हटलं की आमच्या भागात लोक कामं टाकून बसतात. गोष्टी ती स्वतः रचते. पहिलीच होती 'सुट्टीवर गेलेली विहीर'. पाणी देऊन कंटाळलेली विहीर एक दिवस उठून मुंबईला पोरांकडं राहायला जाते, तिची गोष्ट.

आमच्या कंपनीतल्या पुष्करनं सीडीची चकती कॉम्प्युटरमध्ये सरकवली. विहिरीचं चित्र आलं. आणि एक बाई बोलू लागली.

गोड आवाज, स्वच्छ उच्चार. 'ण' असा, की बक्षीस द्यावं. आत्याचा आवाज नव्हे.

आणि शब्द बरोबर पिवळे होत होते. एकही चुकत नव्हता. मला घाम फुटला तो त्यामुळं.

"धम्मा," आत्या म्हणाली, "ही कोण रं बया?"

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"माझा आवाज कुटं हाय?"

मी काही बोलायच्या आत तिनं तोंडावरचा रुमाल काढला. तिला एकही दात नव्हता. जबडा सुजला होता, डॉक्टर केव्हापासून मागं लागले होते. पण दात गेले की बोलणं जाईल म्हणून रेकॉर्डिंग होईपर्यंत तिनं ते ठणकते दात तोंडात धरून ठेवले होते. शेवटची गोष्ट झाली, आणि गेल्या आठवड्यात मीच तिला नेऊन सगळे काढून आणले. आता ती बोलली की शब्दांतनं वारं जात होतं. नवा आवाज भरता येणार नव्हता. तो आवाज जिथं असेल तिथंच होता. नसेल, तर जगात कुठंच नव्हता.

"तूच घालत हुतास न्हवं त्या खुणाबिणा?" ती म्हणाली. "मग तुला ठावं असंल."

सगळी जीप माझ्याकडं बघू लागली.

२

तपास अधिकारी म्हणून माझी नेमणूक मीच केली. मुख्य संशयितही मीच होतो, त्यामुळं जाण्यायेण्याचा वेळ वाचला.

पहिली चौकशी मालकांची. गंगाधर सर व्यासपीठावर हार मोजत होते.

"सर, आवाज बदललाय."

"कसला आवाज?"

"चकतीतला. आत्याचा होता. आता दुसरीच बाई आहे."

"हो का?" त्यांनी कान दिला. सरांनी आमचं एकही पुस्तक कधी ऐकलं नव्हतं, ते फक्त वेष्टनं बघत. पाच मिनिटं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, पण हा छान आहे! शाळांना असाच पाहिजे. कोण आहे ही?"

"तेच शोधतोय."

"सापडली की सांग. बुके एक जास्तीचा आहे."

मी सरांना संशयितांच्या यादीत ठेवलं, पण खाली. गुन्हा करायला आधी ऐकावं लागतं.

दुसरा कृष्णात. आमचा ड्रायव्हर. सांगलीहून इस्लामपूरमार्गे कॉम्प्युटर आणि चकती त्यानं आणली होती.

"वाटेत चकती कुणाला दिलीस?"

"न्हाई बा."

"कुठं थांबलास?"

"चा प्यायला. तवाबी चकतीची पेटी मांडीवरच हुती." मग तो हळूच म्हणाला, "धम्मपालदादा, मला एक सांगा. आक्काताईंचा आवाज काडून बाईचा आवाज घालायचा, तर मी बाई आनू कुटनं? माजं लगीन जमंना झालंय दोन वरसं."

हा मुद्दा बिनतोड होता.

मग मी एका कोपऱ्यात बसलो आणि विचार केला. नव्या आवाजाला माझ्याच जुन्या खुणा चपखल बसत होत्या. बारा गोष्टींना नव्यानं खुणा घालायच्या तर महिना जातो, आणि ते काम आमच्याकडं फक्त मला येतं. मी घातल्या नव्हत्या. मग उरली एकच वाट. बोलणारीनं कानाला हेडफोन लावून आत्याचा आवाज ऐकत ऐकत, तिच्या शब्दावर शब्द ठेवत सगळं म्हटलं होतं. आत्या थांबेल तिथं थांबून, आत्या पळेल तिथं पळून. पावलावर पाऊल टाकत गेलं की वाळूत एकाच माणसाचे ठसे उरतात, तसं.

म्हणजे जी कोणी होती, तिला आत्या पाठ होती.

३

तिसऱ्या संशयित चारुशीलाबाई. सांगलीच्या, नाटकात कामं केलेल्या, पडद्यावरची भाषा तपासायला कंपनीनं नेमलेल्या. आत्याचा आणि त्यांचा वाद पहिल्या दिवसापासून होता. आत्या 'हाय' म्हणणार आणि बाईंना 'आहे' हवं. शेवटी तोड निघाली होती: पडद्यावर 'आहे' उमटेल आणि कानात 'हाय' येईल. बाईंनी ती तोड मान्य केली होती, म्हणजे दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

त्या सभागृहाच्या पायरीवर कंदी पेढा खात होत्या.

"मी बोलले असते तर उघड बोलले असते," त्या म्हणाल्या. "आणि नाव मोठ्या टायपात छापायला लावलं असतं. चोरून बोलायला मी काय भुरटी आहे?"

"पण आत्याचा आवाज तुम्हाला नको होता."

"नकोच होता. पण गोष्ट सांगते बाई, हे मी नाकारणार नाही. विहीर मुंबईहून परत येते तिथं मी रडले होते. अशुद्ध रडले." त्यांनी बोटं पुसली. "तुला एक सांगू? हा नवा आवाज आजकालच्या बाईचा नाही. शब्दाचा शेवट कसा अलगद सोडते बघ. मान वळवून, पदर सावरून बोलल्यासारखं. हे जुन्या संगीत नाटकाचं वळण. माझ्या लहानपणी ऐकलंय. असं बोलणारी बाई आता सांगलीत एकही नाही."

मी निराश झालो. शब्द नीट ऐकायचा माझा पगार होता, आणि हे वाक्य मी नुसतं कानाआड केलं.

आत आलो तर पुष्कर वायरी गुंडाळत होता. त्याचं नाव मी यादीत घातलं नव्हतं. पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो, आणि आवाज भरण्याचं सगळं काम त्याचं होतं. त्याच्या टेबलावर नऊवारीतल्या, नाकात नथ घातलेल्या एका सुंदर माणसाचा फोटो असे. पाहुणे विचारत, "आजी का?" पुष्कर म्हणे, "आजोबा." ते नाटकात नायिका होत असत. त्यांनी नातवाला सगळं शिकवलं आणि मग नाटकात बायका आल्या, किंबहुना त्याआधीच आल्या होत्या, पण आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

"काही लागलं का हाताला?" पुष्करनं विचारलं.

"आपल्यातलंच कुणीतरी आहे."

"कोण असेल रे?" तो म्हणाला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

४

आत्याचं रेकॉर्डिंग कसं झालं होतं ते इथं सांगितलं पाहिजे.

आमच्याकडं गोष्ट सांगताना समोर कुणीतरी 'हं' म्हणावं लागतं. वाक्य संपलं की 'हं' आला तरच पुढचं वाक्य निघतं. आत्याला काचेच्या खोलीत एकटीला बसवून मायक्रोफोन दिला, तर तिनं एक वाक्य सांगितलं आणि गप्प बसली. आम्ही बाहेर वाट बघतोय, ती आत वाट बघतेय. चहाची वेळ झाली.

मग 'हं'ची कॅसेट करून लावली. दुसऱ्याच 'हं'ला आत्या म्हणाली, "ह्यो ऐकत न्हाई, ह्यो नुसता म्हंतोय." कृष्णातला बसवला, तो झोपला. मी बसलो, तर म्हणाली, "तुला समद्या ठाव्या हायत, तुझ्या हंमदी दम न्हाई." शेवटी पुष्कर बसला आणि जमलं. काय हं म्हणायचा! विहीर गाडीत चढली की त्याचा 'हं' चढायचा, विहीर रडली की ओला व्हायचा. महिनाभर दोघं समोरासमोर बसली. आत्या त्याला लेकरा म्हणायला लागली, घरनं येताना आधी त्याच्यासाठी धपाटी काढून ठेवायला लागली.

ते सगळे 'हं' मग मी कॉम्प्युटरवर कापले आणि तिथं तेवढीच शांतता ठेवली. त्यामुळं तयार गोष्टीत नुसत्या मोकळ्या जागा उरल्या. तिथं आधी काय होतं हे तिघांनाच माहीत होतं: सांगणारी आत्या, म्हणणारा पुष्कर आणि कापणारा मी.

दुपारी आत्या सोडून सभागृह रिकामं झालं तेव्हा मी चकतीतला नवा आवाज कॉम्प्युटरवर उघडला. पडद्यावर आवाज रेघांचा दिसतो. आत्याचा आवाज आमच्या माणच्या डोंगरासारखा दिसायचा, कुठंही उठणारा, कुठंही बसणारा. हा नवा कापलेल्या मेंदीच्या कुंपणासारखा होता. मोकळ्या जागा मात्र त्याच, तिथंच.

एक जागा सोडून.

विहीर स्टेशनवर तिकीट मागते. मास्तर विचारतो, "एक पूर्ण का अर्धं?" आत्या तिथं फार लांब थांबायची. त्या जागेच्या शेवटी, पुढच्या शब्दाला चिकटून, मला एक बारीकसा उंचवटा दिसला. इतका चिकटलेला की कापायला गेलं तर शब्द तुटावा. मी आवाज वाढवून तेवढाच तुकडा लावला.

"हं."

सांगणारी बाई स्वतःच्याच गोष्टीला 'हं' म्हणाली होती.

मी तो तुकडा परत लावला. परत लावला. आणि मला कळलं ते मला कळायला नको होतं. ती बाई बाईसारखी बोलत होती, कारण ते तिला शिकवलेलं होतं. पण 'हं' शिकवलेला नव्हता. तो सवयीनं सुटला होता, आणि तो पुरुषाचा होता.

मी हेडफोन काढले. वायर ओढली जाऊन त्यांची पिन निसटली, आणि पुढच्या वेळी तो आवाज स्पीकरमधून सगळ्या सभागृहात घुमला.

"हं."

पहिल्या रांगेत आत्या डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे न उघडताच विचारलं:

"आलास का रं, पुष्कर?"

५

पुष्कर दारातच उभा होता.

पळून जाईल असं मला वाटलं. त्यानं फक्त दार लावून घेतलं.

"मला ती जागा कापता आली नाही," तो म्हणाला. "शब्द तुटत होता. आणि वाटलं, कोण ऐकतंय."

"कानाला कुठली फीत लावली होतीस?"

"कच्ची. माझे हं असलेली. तयार फाइलीत जागा नुसत्याच मोकळ्या, तिथं पुन्हा कधी बोलायचं ते समजेना. कच्च्या फितीत माझा हं आला की आत्या सुरू होणार, हे अंगात बसलं होतं." तो खाली बसला. "तू तिला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलास ना, त्या चार दिवसांत भरलं. मी नाव कुठंही घातलेलं नाही, धम्मा. मला नाव नको होतं. एकदा बोलायचं होतं फक्त. आजोबांनी एवढं शिकवलं, ते कुठं वापरू? गॅसवाल्याला फोन करायला?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"आणि खरं सांगू का?" तो आता जरा सावरून बोलू लागला. सावरायला नको होतं. "शाळांनी घेतलं नसतं रे. सर काही बोलत नाहीत, पण गोष्ट चांगली असली तरी तुमच्याकडची भाषा पोरांच्या कानावर..."

पाच वर्षांत डब्यातली भाजी 'आपली' होती. 'तुमच्याकडचं' आज पहिल्यांदा आलं, आणि इतकं सहज आलं की ते आधीपासनं तिथं कुठंतरी असलं पाहिजे. मी शब्दांना खुणा घालणारा माणूस. हा शब्द कुठं सुरू झाला होता ते मला सापडेना.

"आत्याच्या फिती कुठं आहेत?" मी विचारलं.

त्यानं खांद्यावरची बॅग मांडीवर घेतली.

"पुसल्यास?"

आत्या उठून बसली होती. दोन्ही हात तिनं गुडघ्यांवर ठेवले आणि वाट बघू लागली.

"कॉम्प्युटरवरचं पुसलं," पुष्कर म्हणाला. "नवं त्याच नावानं बसवायचं होतं." मग त्यानं बॅगेची चेन उघडली. "फिती बॅगेत आहेत. त्या पुसवल्या नाहीत."

६

गंगाधर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बुके पुष्करला द्यायचा?"

"नाही सर. जुना आवाज परत घालायचा."

"आता? उद्घाटनाला सभापती निघालेत खंडाळ्याहून! आणि हा काय वाईट आहे? लोकांना कुठं कळतंय?"

"मी सांगेन. माइकवरून. की ही मावशी म्हणजे आमचा पुष्कर."

सरांनी डोळ्यांसमोर तो प्रसंग आणून बघितला. सभापती, वार्ताहर, मागं माण तालुका. त्यांनी हार खाली ठेवले.

"किती वेळ लागेल?"

इथं पुष्करचंच कसब त्याच्यावर उलटलं. त्यानं आत्याच्या पावलावर इतकं अचूक पाऊल टाकलं होतं की खुणांना हातही लावावा लागला नाही. त्याला काढायचं आणि तिला बसवायचं, एवढंच. विहिरीची गोष्ट जेवढी लांब तेवढाच वेळ ती फितीवरून कॉम्प्युटरमध्ये यायला लागला. बाकीच्या अकरा नंतर करता येणार होत्या. चकतीचा नाद सोडून आम्ही ती कॉम्प्युटरवरूनच दाखवायची ठरवली. 'हं' कापायला मात्र वेळ नव्हता. ते तसेच राहिले.

संध्याकाळी सभागृह भरलं. सभापतींनी बटण दाबलं. विहिरीचं चित्र आलं आणि आत्याचा दात असलेला आवाज सभागृहात उभा राहिला.

"एक हुती हीर. तिला आला कटाळा."

"हं," आतून पुष्कर म्हणाला.

पडद्यावर 'विहीर' पिवळी झाली, 'कंटाळा' पिवळा झाला. जीपमधली माणसं पहिल्यांदा हसली, मग सातारकर हसले, मग सभापती, त्यांना उशिरा कळलं म्हणून जास्त. तिकिटाच्या जागी विहीर म्हणाली, "अर्धंच द्या, उनाळ्यात मी अर्धीच असती," आणि चारुशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत्या हसली नाही. ती रुमाल तोंडाशी धरून स्वतःलाच ऐकत होती, अगदी पुढं वाकून. फक्त 'हं' आला की तिचा चेहरा दर वेळी जरासा मिटायचा.

टाळ्या झाल्या. सरांनी तो जास्तीचा बुके आत्याला दिला. लोक पांगले तेव्हा पुष्कर पुढं आला आणि तिच्या पायाशी वाकला. आत्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आत्या, चुकलं माझं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. दातांशिवाय बोलायचं म्हणून हळू बोलली, एकेक शब्द सुटा, खूण घालता येईल असा.

"मला वाटलं, तू ऐकतुयास," ती म्हणाली. "तू पाठ करत हुतास व्हय."

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. बुके बगलेत मारून ती जीपकडं गेली. जाताना मला म्हणाली, "धम्मा, त्याचं हं तेवढं काडून टाक बाबा."

कृष्णात गाडी मागं घेत होता. सामान भरायचं राहिलं होतं. त्या काळचा मॉनिटर म्हणजे काचेचा रांजण, तो दोघांनी उचलायचा असतो. पुष्करनं सवयीनं त्याच्या बाजूला हात घातला. मी म्हणालो, "राहू दे."

आणि एकट्यानं उचलला. पायऱ्या दिसत नव्हत्या, पण उतरलो.